पाठीवरची गाठ

पळसाची पानं शुक्रवारी दुपारी घरात आली आणि ती ठेवायची कुठे, हे कुणालाच कळेना.

निलेशने ती दादरच्या बाजारातून ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. देवासमोर ठेवणं बरं दिसेना. स्वयंपाकघरात त्याची आई वनमाला होती. शेवटी त्याने ती बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या मागे ठेवली आणि ऊन लागू नये म्हणून पुतणीची, प्रांजलची, जुनी छत्री उघडून वर टेकवली. वनमालाने हे सगळं कांदा चिरता चिरता पाहिलं. थोड्या वेळाने कपडे वाळत घालायला म्हणून ती बाल्कनीत गेली आणि छत्री पायाने जराशी सरकवून आली. ऊन पानांवर पडलं. पानं सुकली तर उद्याचं टळेल, एवढंच तिच्या मनात होतं. नंतर पुन्हा आणतील, पण ते नंतरचं नंतर.

उद्याचा विधी काय असतो, ते भटजींनी निलेशला शांतपणे समजावून सांगितलं होतं आणि निलेशने तसंच घरात सांगितलं होतं. माणूस गेला पण देह हाती आला नाही, तर पळसाची पानं आणि दर्भ घेऊन त्याचा पुतळा करतात. पानांचे हात, पानांचे पाय, पानांची छाती, आणि डोक्याच्या जागी नारळ. त्या पुतळ्यालाच तो माणूस मानायचं आणि अग्नी द्यायचा. त्याला पालाशविधी म्हणतात. तो झाला की मग दहावं, तेरावं, वर्षश्राद्ध, सगळं रीतीप्रमाणे करता येतं. तो होईपर्यंत माणूस धड इथला नाही, धड तिथला नाही.

निलेशचा मोठा भाऊ सुशांत दोन वर्षं तसाच होता.

अरुणाचलातल्या एका नदीवर त्याची तुकडी लोखंडी पूल उभारत होती. पाण्यात पडलेल्या एका मुलीला काढायला तो गेला आणि परत आला नाही. मुलगीही वाचली नाही. शोध थांबला, सरकारने तो गेला असं मानलं, त्याच्या नावाने पदकही दिलं. ते घ्यायला त्याची बायको जान्हवी आणि वडील सहदेव गेले होते. वनमाला गेली नाही. पदकाच्या आधी 'मरणोत्तर' असा शब्द होता, आणि त्या शब्दापाशी जाऊन बसायची तिची तयारी नव्हती. ती नदी पुढे दुसऱ्या मुलखात जाते, एवढं तिला कुणीतरी सांगितलं होतं. दुसऱ्या मुलखातही माणसं राहतात. कुणी बाहेर काढलं असेल, डोक्याला मार लागला असेल, नाव आठवत नसेल. रोज संध्याकाळी दिवा लावताना ती जान्हवीच्या कपाळाकडे पाहायची आणि म्हणायची, "कुंकू पुसट झालंय गं." जान्हवी आत जाऊन ते ठळक करून यायची.

आणि दोन वर्षं वनमाला आपल्या सासऱ्यांशी, अण्णांशी, एक शब्द बोलली नव्हती. त्यांचा चहा वेळेवर व्हायचा, पथ्याची भाकरी व्हायची, गोळ्या वाटीत काढून ठेवलेल्या असायच्या. पण "अण्णांना दे" असं ती प्रांजलला सांगायची, अण्णा समोर बसलेले असले तरी. कारण सगळ्या घराला माहीत होतं. सुशांतला पोहायला अण्णांनी शिकवलं होतं.

*

घाटकोपरची आत्या, म्हणजे अण्णांची मुलगी, चार वाजता आली. येतानाच तिने भांडणाची तयारी करून ठेवली होती. चप्पल काढता काढता तिने सहदेवला विचारलं, वहिनी तयार झाली का. सहदेवने मान हलवली. त्या हलवण्यातून हो की नाही, ते काही समजलं नाही. सहदेवचं हे नेहमीचंच. गिरणी बंद पडल्यावर त्याने वीस धंदे केले, पण बायकोच्या विरुद्ध एक वाक्य पुरं केलं नाही.

आत्याने मग त्याला बाजूला घेऊन सगळं ऐकवलं. निलेशचं लग्न ठरून किती दिवस झाले? अबोलीच्या घरचे चांगले आहेत म्हणून थांबलेत. घरात मोठ्या मुलाचं काही केलेलं नाही आणि धाकट्याचं मंगलकार्य काढायचं, हे कसं करायचं? तो पोरगा बिचारा तोंडाने बोलत नाही.

"मी माझ्या लग्नासाठी करत नाहीये हे, आत्या," निलेश दारातून म्हणाला.

"मी कुठे म्हटलं तसं?"

"आत्ता तेच म्हणत होतीस ना."

स्वयंपाकघरात भांडं जरा जोरात आपटलं.

खिडकीजवळच्या पलंगावर अण्णा बसले होते. नव्वदीला टेकलेले, कानाने थोडे कमी, पण घरातल्या हवेचा अंदाज त्यांना कानाशिवायही यायचा. मुंबईत सगळं आयुष्य काढून त्यांची मालवणी सुटली नव्हती. त्यांनी काठी फरशीवर टेकवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वनमाला होय म्हणापर्यंत पुतळो होवचो नाय. मिया सांगून ठेवतंय."

आत्याचं तोंड उघडंच राहिलं. ती वडिलांच्या भरवशावर आली होती. जी सून दोन वर्षं आपल्याशी बोलत नाही, तिच्याच हातात त्यांनी सगळं देऊन टाकलं होतं.

वनमालाने ते ऐकलं. तिला आनंद झाला नाही. कुणी विरोध केला असता तर ती लढली असती. आता सगळं घर तिच्या एका शब्दाकडे डोळे लावून बसलं होतं.

तेवढ्यात जान्हवी कामावरून आली. येताना प्रांजलला शिकवणीहून घेऊन आली होती. वनमालाला जरा धीर आला. या घरात निदान एक माणूस आपल्या बाजूचं आहे, असं तिला दोन वर्षं वाटत आलं होतं.

*

जान्हवीला त्या दिवशी कुंडलिकची वाट पाहायची होती.

कुंडलिक सुशांतच्या तुकडीतला. साताऱ्याकडचा. अपघातानंतर लगेच त्याची बदली लांब उत्तरेला झाली होती. आता सुट्टीवर आला होता आणि गावी जाण्याआधी कुर्ल्याला उतरून तो थेट बोरिवलीला येणार होता. निलेशने त्याला फोनवर विधीचं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला होता, "मग मी आधी येतो. जे सांगायचंय ते त्याआधीच सांगायला पाहिजे."

तो आला तेव्हा त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. दारात आल्यावर, अशा घरी पेढे न्यावेत की नाही, हा प्रश्न त्याला पडलेला दिसला. जान्हवीने पुडा घेऊन प्रांजलला दिला. तो खुर्चीवर बसेना, जमिनीवरच बसला. वनमाला स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, बाहेरही नाही आणि आतही नाही.

सरकारी माणसांनी सांगितलं ते तुम्हाला माहीतच आहे, असं म्हणून त्याने सुरुवात केली. नदीवर पलीकडच्या गावाचा एक जुना झुलता पूल होता. मुलगी शेळीचं करडू घेऊन येत होती. करडू घसरलं, त्याला धरायला ती वाकली आणि गेली. आरडाओरडा झाला तसे सगळे जवान काठाने तिच्या मागे धावले.

"परब मागं नाही धावला," कुंडलिक म्हणाला. तुकडीत सुशांतला सगळे आडनावानेच हाक मारायचे. "तो उलटा आमच्याच पुढं पळाला. खालच्या वळणाला जाऊन खडकावर बसला आणि बूट काढायला लागला. आम्हाला वाटलं, याचं डोकं फिरलं का काय."

अण्णांची काठी हलली. "व्हावत्या पाण्यात माणसाच्या पाठसून धावाचा नसता," ते हळूच म्हणाले. "पुढे जावन वाट बघूची."

वनमालाने त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

जान्हवीला बुटांचं माहीत होतं. ते बूट घरी आले होते. नाड्या नीट सोडलेल्या, एकाशेजारी एक ठेवलेले, जसे तो दाराबाहेर ठेवायचा तसे. दोन वर्षं ती त्या नाड्यांविषयीच विचार करत होती. आता ती बोलायला लागली आणि तिलाच आपल्या आवाजाचं नवल वाटलं.

"भावोजी, मला एक विचारायचंय. नाड्या सोडायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात माणसाला घर आठवतं. त्याला आम्ही आठवलो असणार. प्रांजल आठवली असणार. आणि तरी तो गेला. असंच ना?"

"वहिनी, ती पोरगी प्रांजलएवढीच होती," कुंडलिक म्हणाला. "मला एवढंच माहीत आहे."

प्रांजल पेढा खात खात आईच्या कुशीला येऊन टेकली. जान्हवीने तिच्या केसांवर हात ठेवला. तिच्या मनात राग होता, खूप दिवसांचा. तो गेला नाही. पण त्याच्याखाली दुसरं काहीतरी होतं. त्याच्या हातांची आठवण. नाड्या बांधताना तो जीभ दाताखाली धरायचा, ती आठवण. त्या खडकावरही धरली असेल. ते कुणी पाहिलं असेल का? तिला ते विचारावंसं वाटलं आणि विचारता आलं नाही.

*

पुढचं कुंडलिकने खाली बघून सांगितलं.

सुशांतने मुलीला वळणावर बरोबर गाठलं, पाठीमागून. ती जिवंत होती, रडत होती, ते काठावर ऐकू येत होतं. पण वळणाच्या पुढे ओढ भयंकर होती, आणि पाणी बर्फाचं. दोर पोचेना. तेव्हा त्यांनी डिझेलचा एक रिकामा कॅन झाकण घट्ट करून वरून सोडला. तो वाहत अगदी परबच्या हाताशी गेला. काठावर सगळे ओरडले, धर, धर. त्याने धरलाही.

"आम्हाला वाटलं, सुटला. दोघंबी त्याच्यावर तरतील. पण तो कॅन दोघांचा भार घेईना, खाली जायला लागला. मग त्यानं कमरेची कामाची दोरी काढली. वाहत्या पाण्यात. आणि कॅन त्या पोरीला बांधला."

त्यानंतर ते वळणाआड गेले. दुसऱ्या दिवशी खाली गाळात मुलगी सापडली, कॅनसकट. थंडीने गेली होती. ती बुडाली नव्हती. शोधायला गेलेल्यांत कुंडलिक होता. दोरी त्यानेच सोडली.

"एक गोष्ट मला आजपर्यंत कळली नाही," तो म्हणाला. "आमच्यात असं काही बांधायचं झालं तर गाठ पुढं, छातीवर मारतात. ज्याची त्याला सोडता यावी म्हणून. परबला हे पाठ होतं, तो नव्या पोरांना शिकवायचा. पण त्यानं त्या पोरीची गाठ मागं मारली होती. पाठीवर, मधोमध. दोरी काखेतून दोन फेरे घेऊन. एवढ्या घाईत, हात गारठलेले, आणि मागं कशाला मारली असंल?"

अण्णांनी काठी बाजूला ठेवली. दोन्ही हात पुढे केले आणि समोर कुणी लहान मूल पाठमोरं उभं असावं, तसे हवेतच दोन फेरे घेऊन गाठ मारून दाखवली. नव्वदीतले हात एरवी चमच्यालाही थरथरत. आता ते थरथरले नाहीत.

"हात पोचाक नये म्हणान," अण्णा म्हणाले. "पोर घाबरला की पयली गाठ सोडूक बघता. पुढे बांधलास तर सुटता, आणि मगे बुडता. पाठीर बांधलास की कितीय घाबरला तरी तरंगता."

कुंडलिक त्यांच्या हातांकडे पाहत राहिला.

एक्सर गावठाणातली ती विहीर वनमालाला दिसायला लागली. आता तिच्यावर लोखंडी जाळी आहे. तेव्हा नव्हती. गिरणीला सुट्टी असली की अण्णा चाळीतल्या पोरांना रांगेत उभं करायचे. गावाहून आणलेले असोले नारळ, न सोललेले, वाळवून हलके झालेले, दोन-दोन एकत्र बांधून प्रत्येकाच्या पाठीला अडकवायचे. सुशांत पाच वर्षांचा. विहिरीत सोडल्यावर तो किंचाळला होता आणि दोन्ही हात मागे नेऊन गाठ शोधत होता. हात पोचत नव्हते. वनमाला काठावरून अण्णांवर ओरडली होती, सोडा त्याला, काढा बाहेर. अण्णांनी ऐकलं नव्हतं. थोड्या वेळाने रडणं थांबलं, आणि मग पाण्यातून हाक आली होती, आई, बघ.

"कुंडलिक," वनमाला म्हणाली. त्या संध्याकाळी ती पहिल्यांदाच बोलत होती. "तो कॅन तिला बांधल्यावर त्याच्याकडे काय राहिलं?"

त्याला प्रश्न कळला नाही. "कशाचं, आई?"

"तरंगायला."

कुंडलिकने मान वर केली. खोटं बोलावं असं त्याच्या मनात येऊन गेलं असेल. तो खोटं बोलला नाही.

"काही नाही राहिलं, आई."

वनमाला चौकटीवरून वळली आणि आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला. आत्या उठायला लागली, तिला सहदेवने हाताने बसवलं. त्याच्या आयुष्यातली ती एक ठाम हालचाल असावी.

जान्हवी मात्र सासूच्या मागे गेली. वनमाला ओट्याशी पाठमोरी उभी होती. नळ नुसताच वाहत होता. जान्हवीने तो बंद केला.

"आई, मला हवाय तो विधी," ती म्हणाली. "तुम्ही रोज माझं कपाळ बघता. मी रोज आत जाऊन कुंकू लावते. आरशात मला तो दिसतो आणि मी त्याला विचारते, तू आहेस की नाहीस. मला आता विचारायचं नाहीये. मला त्याची आठवण काढायची आहे. नुसती आठवण. वाट बघताना ती काढता येत नाही."

वनमाला तिच्याकडे बघत राहिली. आपल्या बाजूचं म्हणून धरलेलं माणूस आपल्याच भारामुळे खाली जात होतं, हे तिला आता दिसलं. तिने ओंजळीत पाणी घेतलं आणि बाल्कनीत गेली.

पानांच्या कडा वळायला लागल्या होत्या. तिने त्यांच्यावर पाणी शिंपडलं. परत आत येऊन पुन्हा ओंजळ भरून नेली. फडकं पिळून नव्याने गुंडाळलं. मग छत्री उचलून नीट, पानं पूर्ण झाकतील अशी ठेवली.

बैठकीच्या खोलीतून ते सगळ्यांना दिसत होतं. निलेशने तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहिलं. अण्णांनी डोळे मिटून घेतले.

*

सकाळी निघताना आत्या म्हणाली की स्मशानात बायका येत नाहीत. वनमाला चपला घालतच होती. अण्णा म्हणाले, येऊ दे, आणि विषय संपला.

खाडीच्या बाजूची ती शेड सकाळी रिकामी होती. ओहोटीमुळे चिखलाचा वास येत होता. लांब गोराईच्या बाजूला फेरीबोट माणसांची वाट बघत थांबली होती. भटजींनी घोंगडीवर पानं मांडायला घेतली. काळ्या हरणाचं कातडं मिळत नाही म्हणून घोंगडी, असं त्यांनी सहज सांगितलं. निलेश एकेक पान त्यांच्या हातात देत होता. आधी त्याला ती नुसती पानं वाटत होती. मग पाय झाले. मग छाती झाली. दादा झोपायचा तसा एक हात जरा बाहेरच्या बाजूला गेला, आणि भटजींनी तो सरळ करायला हात नेला तेव्हा निलेश म्हणाला, "राहू दे तसाच." भटजींनी राहू दिला.

"मस्तकासाठी नारळ," भटजी म्हणाले.

निलेशने सोललेला, शेंडीचा नारळ पुढे केला. तेव्हा वनमाला म्हणाली, "तो नको."

सगळ्यांना वाटलं, आता ती विधी थांबवणार. सहदेव तिच्याजवळ सरकला. पण तिने आपल्या कापडी पिशवीत हात घातला आणि जे बाहेर काढलं ते पाहून अण्णा कठड्याचा आधार घेऊन उभे राहिले. सुंभाने एकत्र बांधलेले दोन असोले नारळ. काळपट, चोपलेले, एका बाजूने झिजलेले. सुशांतची बातमी आली त्या आठवड्यात वनमालाने ते कचऱ्यात टाकायला काढले होते आणि मग ते दिसेनासे झाले होते. अण्णांनी ते आपल्या पलंगाखाली, जुन्या चादरीत दडवले होते. वनमालाला पलंगाखाली केर काढताना ते केव्हाच सापडले होते. केर काढून ती दर वेळी ते परत तिथेच सरकवत आली होती. दोन वर्षं दोघांनीही ते एकमेकांना कळू दिलं नव्हतं.

तिने सुंभाची गाठ सोडायचा प्रयत्न केला. जुनी, पाणी प्यालेली, दगडासारखी झालेली गाठ. नखं लागेनात. निलेश म्हणाला कापूया, भटजींकडे सुरी आहे. तिने मान हलवली. मग ती चालत कठड्यापाशी गेली आणि नारळ अण्णांच्या पुढ्यात धरले.

"अण्णा, गाठ सोडा."

अण्णांनी नारळ घेतले नाहीत. तिच्याच हातात राहू दिले आणि वाकून गाठ चाचपली. कुठून ओढायची ते त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. एक धागा सैल झाला, मग दुसरा. सुंभ सुटून खाली पडलं. त्यांची बोटं क्षणभर तिच्या हातांवर राहिली. ते काहीतरी म्हणणार होते. तीच म्हणाली, "काल दुपारपासून तुम्ही काही खाल्लं नाहीत. घरी गेल्यावर आधी पेज घ्या."

अण्णांनी मान डोलावली. डोळे पुसायला त्यांना रुमाल सापडेना.

भटजींनी असोला नारळ पाहून जरा विचार केला. शास्त्रात श्रीफळ म्हटलंय, सोललेलं की न सोललेलं असं काही म्हटलेलं नाही, असं म्हणून त्यांनी तो ठेवून घेतला. वनमालाने तो स्वतःच्या हाताने पुतळ्याच्या मानेवर ठेवला, झिजलेली बाजू खाली करून. वर पांढरं वस्त्र आलं. जान्हवीने पायांशी त्याचे मोजे ठेवले. बूट तिने आणले नव्हते. ते घरीच राहणार, असं तिने कुणालाही न विचारता ठरवलं होतं.

अग्नी निलेशने दिला. पानं पटकन गेली, सगळ्यांना वाटलं होतं त्याहून पटकन. नारळ मात्र बराच वेळ धुमसत राहिला. त्याच्या सालीचा धूर आधी घोटाळला आणि मग खाडीच्या बाजूने पाण्यावर पसरत गेला. वनमाला तो दिसेनासा होईपर्यंत पाहत होती. इतके दिवस तिने त्याला पाण्याच्या पलीकडे कुठेतरी उभा पाहिला होता, तिच्याकडे बघणारा. आता तो तिथे नव्हता. तिने त्याला शोधून पाहिलं. तो पाच वर्षांचा होऊन विहिरीत होता, आणि आई, बघ असं म्हणत होता.

*

घरी येऊन सगळ्यांच्या अंघोळी झाल्या. कुंडलिकला दुपारी निघायचं होतं, त्याला आत्याने आग्रहाने जेवायला बसवलं. अण्णांनी पेज घेतली. पिशवीतला दुसरा नारळ प्रांजलच्या हाती लागला होता आणि ती तो जमिनीवर गडगडवत होती.

"पणजोबा, हा पोहायचा नारळ आहे ना? एकावर पोहता येतं?"

"नाय गो बाये. एकार पोर वाकडा होता. जोडी व्हयी."

जान्हवीने सासूकडे पाहिलं नाही. मागच्या मे महिन्यात तिने प्रांजलला पोहायच्या वर्गाला घालते म्हटलं होतं, तेव्हा वनमाला ताटावरून उठून गेली होती. तो विषय पुन्हा निघाला नव्हता.

वनमाला स्वयंपाकघरात गेली. गावाहून आलेल्या पोत्यातून तिने एक असोला नारळ काढला, कानाशी धरून हलवून पाहिला, परत ठेवला, दुसरा काढला. तो घेऊन ती अण्णांच्या पलंगापाशी आली.

"हा अजून ओला आहे," ती म्हणाली. "मेपर्यंत वाळेल ना?"

"वाळतलो."

"मग माप बघून ठेवा."

निलेश म्हणाला, "तरण तलाववाले नारळ घेऊन आत सोडतील का, अण्णा?" आणि जान्हवी हसली. दोन वर्षांनी त्या घरात कुणी हसलं, आणि हसून झाल्यावर ती तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. निलेशने तिला पाणी आणून दिलं. गावच्या विहिरीवर शिकेल ती, वनमाला म्हणाली, मी येईन बरोबर.

अण्णांनी नवा आणि जुना नारळ सुंभाने जोडला. प्रांजलला पाठमोरं उभं केलं. काखेतून दोन फेरे घेतले. आता त्यांचे हात थरथरत होते, म्हणून वनमालाने सुंभाचं एक टोक धरलं. दोघांनी मिळून गाठ मारली.

"घट्ट झाली का गं?" तिने विचारलं.

"टोचतंय, आजी."

"टोचू दे. हात मागे ने बघू. सोडून बघ."

प्रांजलने एक हात मागे नेला. मग दुसरा. वरून नेला, खालून नेला, जीभ दाताखाली धरून गोल गोल फिरली. बोटं गाठीच्या जवळ जात होती आणि तिथेच राहत होती.

"नाही पोचत, आजी."

"पुन्हा बघ," वनमाला म्हणाली. आणि प्रांजल पुन्हा प्रयत्न करत असताना ती तिच्या दाताखालच्या जिभेकडे बघत राहिली.